गाव वस्तीवर गेलं, राखण गावठाणातच राहिली

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

"अज्ञात चोरट्यांनी शेतकऱ्याच्या विहिरीवरील केबल लांबवली." आमच्या धंद्यात या बातमीला आतल्या पानावर दोन ओळी मिळतात. त्याही पान भरायला काही कमी पडलं तर. वीस-बावीस वर्षं झाली मला या तालुक्यात बातम्या पाठवून, आणि या दोन ओळी मी किती वेळा पाठवल्या याचा हिशेब नाही. या हिवाळ्यात आमच्याकडं ओढ्याकडेच्या सगळ्या विहिरींच्या केबली एका रात्रीत गेल्या, तेव्हाही दोनच ओळी छापून आल्या. म्हणून म्हटलं, इथं तरी सविस्तर लिहू.

केबल गेली म्हणजे काय गेलं, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. पण पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपली पोरंही हे वाचतात, त्यांच्यासाठी सांगतो. मोटार विहिरीत असते, स्टार्टर वर पेटीत. मधली केबल चोर कापतो, गुंडाळतो, लांब ओढ्यात नेऊन जाळतो. वरचं प्लॅस्टिक जळून जातं, आतली तांब्याची तार उरते. ती भंगारात किलोवर जाते. चोराला मिळतात हजार-दोन हजार. शेतकऱ्याला नवी केबल, मोटार वर काढायची मजुरी, वायरमनचे पैसे, आणि हे सगळं होईपर्यंत पाणी बंद. कांदा पोसायला लागला असेल आणि त्याच आठवड्यात चार दिवस पाणी चुकलं, तर पुढं वजनात काय होतं ते काटा दाखवतोच. पण ते नुकसान कुठल्याही कागदावर येत नाही.

बरं, कागदाचंच सांगतो. माणूस ठाण्यात जातो. तिथं विचारतात, किंमत किती? तो खरं सांगतो, चार-साडेचार हजार. आता १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय न्याय संहिता. त्यात पाच हजारांच्या आतल्या चोरीला, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. आणि हा प्रकार अदखलपात्र धरलाय. अदखलपात्र म्हणजे काय, तर नोंद होते, हातात एक कागद मिळतो, पण कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. भाकरीसाठी चोरी करणाऱ्याला तुरुंगात कशाला टाकायचं, हे मलाही पटतं. पण एका रात्रीत आठ विहिरींच्या केबली गेल्या आणि आठ जणांनी आठ वेगळे कागद केले, तर त्या आठ किरकोळ चोऱ्या होतात. आठही जणांनी एकत्र जाऊन एकच फिर्याद द्यावी, किंमत मिळून सांगावी, नव्या केबलची पावती जोडावी, असं मी आता भेटेल त्याला सांगतो. बहुतेक लोक जातच नाहीत. दिवसभराची खोटी कोण करणार?

आता मूळ मुद्दा. चोरी विहिरीवर होते आणि विहीर वस्तीवर असते. आपला जिल्हा म्हणजे राज्यातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा, चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर. यातला उत्तरेचा भाग भंडारदऱ्यानं, मुळा धरणानं, गोदावरीच्या कालव्यांनी भिजवला. ऊस आला. १९५० साली प्रवरेच्या काठावर लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून बाकीचे आले. पाणी आल्यावर शेतकरी गावात राहून भागेना. जनावरं, दूध, पाणी भरणं, सगळं रानात. मग एकेक घर मळ्यात गेलं. आधी छप्पर, मग पत्रा, मग स्लॅब. आज आमच्या गावात पारावर उभं राहून पाहिलं तर अर्ध्या वाड्यांना कुलपं, काही तर पडून गेलेले. माणसं सगळी वस्त्यांवर. दक्षिणेला, पारनेर-श्रीगोंदा-कर्जतकडं, बोअर आणि शेततळ्यांनी तेच केलं.

पण गावाच्या राखणीचा जो काही सरकारी संसार आहे, तो सगळा गावठाण धरून उभा आहे. पथदिवे गावठाणात. पोलिसांची गाडी आली तर ती येणार वेशीपर्यंत, फार तर मारुतीच्या देवळापर्यंत. सीसीटीव्ही बसवले ते चौकात, म्हणजे जिथं आधीच चार माणसं बसलेली असतात तिथं. पोलीस पाटील हे पद १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं दिलेलं. २०२४ मध्ये त्यांचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, चांगलंच झालं. पण गावातली माणसं पाच-सहा किलोमीटरच्या घेऱ्यात पांगलीत आणि एक पाटील रात्री कुठंकुठं फिरणार?

आणि पत्ता? ११२ नंबरला फोन लावा. पूर्वीच्या १०० ऐवजी आता हाच आहे, आणि गाडी येतेही. मी पाहिलंय. पण गावात आल्यावर पोलीस विचारतात, "कुठं यायचं?" आणि माणूस सांगतो, "खालच्या मळ्यात, चारीच्या पलीकडं, चिंचेपाशी वळा." चिंच दोन वर्षांपूर्वीच तोडलेली असते. गावातलं कुणीतरी उठवून गाडीत बसवावं लागतं, तेव्हा गाडी वस्तीवर पोचते.

मागच्या महिन्यात केबलचोरीची माहिती घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. घरधनी स्टार्टरची मोकळी पेटी दाखवत होते. त्यांच्या घरच्या वहिनी बाजूला उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊ, केबलीचं छापा. पण हेही छापा, की लाईट रात्री येते. हे दारं धरायला जातात आणि मी दोन पोरं घेऊन घरात एकटी. कुत्रं भुंकलं की ते चोरासाठी भुंकतंय का बिबट्यासाठी, ते मला कळत नाही. दार उघडावं का लावून घ्यावं, हेच समजत नाही."

त्यांचं बोलणं तसंच्या तसं इथं दिलंय, कारण सुरक्षेवरच्या कुठल्याही बैठकीत मी हे ऐकलेलं नाही. तिथं बसलेले सगळे बाप्ये असतात.

शेतीच्या थ्री फेज लाईटची पाळी असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे आपल्याला पाठ आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ झालं. बिल गेलं, पाळी राहिली. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली निघाली. तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच राळेगणसिद्धीतला. ज्या फीडरवर ती खरंच चालू झाली, तिथल्या बायकांना विचारा, काय फरक पडला. माणूस रात्री घरात असतो, एवढाच फरक. आणि तो लहान नाही. (सौर पंपाच्या प्लेटा आणि त्यांची केबलही चोर नेतात, ही बाब वेगळी. चोर योजनेत भेदभाव करत नाही.)

बिबट्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यावर फार काहीबाही फिरतं.

बिबट्या बाहेरून आणून सोडलेला नाही. तो इथलाच झालाय. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नाही, नुसती शेती आणि वस्ती, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं, आणि तिथं शंभर चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच मोठे बिबटे. शिवाय तरसं. त्यांच्या खाण्यात सगळ्यात जास्त काय, तर कुत्री. म्हणजे तो उसात राहतो आणि वस्तीच्या कडेनं जगतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक नर बिबट्या काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. तो चालत पार मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं, त्याच्यावर पुढं सिनेमाही निघाला. एवढ्या वाटेत त्यानं एकाही माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही.

हे खरं. आणि हेही खरं, की नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात बिबट्यानं लेकरं मारली. त्या घरच्यांना आजोबाची गोष्ट सांगायला जाऊ नये. मृत्यू झाला तर सरकारची मदत पंचवीस लाख आहे, आणि नेतेमंडळी ती जाहीर करतात तेव्हा असं वाटतं की प्रश्न संपला. पिंजरा लावा, धरा आणि लांब सोडा, ही मागणी लगेच येते. जुन्नरकडं २००० च्या आसपास हेच केलं होतं, आणि जिथं सोडले तिथं हल्ले वाढले, असं त्याच अभ्यासकांचं दुसरं संशोधन सांगतं. नवख्या ठिकाणी सोडलेलं जनावर बिथरतं. त्यापेक्षा गोठा बंदिस्त करायला जाळी द्या, वस्तीवरच्या पोरांना शाळेत न्यायला-आणायला गाडी द्या आणि तिन्हीसांजेला बाईला वाकून घास कापायला लागू नये म्हणून दिवसा लाईट द्या. वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं, एवढं तरी घरोघर सांगितलं पाहिजे.

आता भीतीची दुसरी बाजू. ती लिहायला जास्त अवघड आहे.

जानेवारी २००१ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीवर दरोडा पडला. माणसांना मारझोड झाली, बायांवर अत्याचार झाले. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या वस्त्यांवर लोक अंगणात झोपायचे बंद झाले. आज पंचवीस वर्षांनीही रात्री कुणी कडी वाजवली की म्हातारी माणसं कोठेवाडीचं नाव काढतात. म्हणजे भीती खोटी नाही. जो म्हणेल की गावकरी उगाच घाबरतात, त्यानं एक रात्र वस्तीवर काढावी.

नेवाशातलं शनि शिंगणापूर आपल्याकडं आहे, घरांना दारं नसलेलं गाव म्हणून जगभर फोटो जातात. २०११ मध्ये तिथं बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली, त्याचीही बातमी झाली. पण २०१५ मध्ये पोलीस ठाणं तिथंही आलं. श्रद्धा श्रद्धेच्या जागी. बाकीच्या जिल्ह्यानं मात्र कडी घातली, कडीला कुलूप घातलं, आणि आता कुलपावर व्हॉट्सॲप ग्रुप घातलाय.

एक चांगली सोय आहे, ती आधी सांगतो. ग्राम सुरक्षा यंत्रणा. नोंदणी केलेल्या माणसानं ठरलेल्या टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या तोंडानं सांगायचं, "अमक्या वस्तीवर चोर आलेत," की तो आवाज तसाच्या तसा गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर वाजतो. कुणी बोललं ते कळतं, खोटं बोललं तर त्याचा नंबर बंद होतो. दूध घालायला जाणाऱ्याला, आजीच्या बटणाच्या फोनला, सगळ्यांना एकाच वेळी कळतं. पोलिसांनी जिल्ह्यात ती पुष्कळ गावांत पोचवलीय. तुमच्या गावात नसेल तर ठाण्यात विचारा.

व्हॉट्सॲपचं उलटं आहे. तिथं कुणी बोललं ते तिसऱ्या फॉरवर्डनंतर कळत नाही आणि खोट्याला दंड नाही. २०२४ च्या पावसाळ्यात ड्रोन आठवतात ना? रात्री आकाशात लाईट दिसला की चोरांनी टेहळणी केली. आपल्याकडं, बीडला, जालन्याला, पुण्याच्या शिरूर-दौंडकडं, सगळीकडं पोरं काठ्या घेऊन रात्र-रात्र जागत होती. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं? नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, पोरं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. गावात आलेला नवा माणूस, अंगावर कळकट कपडे, आणि मोबाईलमधला एक मेसेज, एवढंच पुरलं.

हे धुळ्याला झालं, आपल्याकडं नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचं लिहितो. नावगाव देत नाही.

केबली गेल्या त्याच आठवड्यात, अंधार पडताना, आमच्याकडच्या एका वस्तीच्या कडेला एक माणूस फिरताना दिसला. डोक्यावर बोचकं, हातात काठी, फोन बंद. एकानं हाक मारली, तो बिचकला, वळला. बस्स. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला: "केबलचोर सापडला." मी पोचलो तोवर तीस-चाळीस पोरं जमली होती. कॉलर धरलेली होती, दोन कानाखाली वाजल्या होत्या. एक जण दोरी आणायला गेला होता. या पोरांना मी ओळखतो. कुणाचं लग्न जमेना, कुणाची भरती हुकलेली, आणि रात्र-रात्र जागून डोळे लाल झालेले. त्यातल्या दोघांच्या घरच्याच केबली गेल्या होत्या.

पोलीस पाटील मोटारसायकलवर आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या माणसाला स्वतःच्या मागं बसवलं, घरी नेलं, ओसरीत बसवून दाराला आतून कडी घातली आणि मग ११२ ला फोन लावला. पाणी दिलं, नाव विचारलं. माणूस पाथर्डी तालुक्यातला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. ऊसतोडीला आलेला, गावाकडं मयत झाली म्हणून दोन दिवस गेला होता, परत आला तर टोळी दुसऱ्या फडावर हललेली. बायको-पोरं कुठल्या कोप्यांवर आहेत, तेच तो शोधत होता. फोनची बॅटरी संपलेली. पाटलांनी मुकादमाला फोन लावला, वीस मिनिटांत मुकादम आणि त्याची बायको दोघं आले. ती बाई आमच्याकडं बघत नव्हती, फक्त त्याच्या गालाकडं बघत होती.

त्याचा फोटो मात्र अजून फिरतोय. दुसऱ्या दिवशी तो पार शेजारच्या तालुक्यातून माझ्याकडं परत आला, "सावध राहा" लिहून. खरं काय ते मी ग्रुपवर टाकलं, त्याला दोन अंगठे मिळाले. कुणी पुढं पाठवलं नाही.

मला यातली एक गोष्ट सोसत नाही. आपल्या शिवारात सगळ्यात उघड्यावर कोण झोपतं? तर हाच माणूस. उसाच्या पाचटाची कोपी, तिला दार नाही, कडी नाही. पहाटे चारला नवरा-बायको कोयते घेऊन फडात, पोरं कोपीत. फड तुटत आला की बिबट्या निघतो तो त्याच्याच पोरांच्या अंगावरून. आणि चोर म्हणून पहिला धरला जातो तोही हाच, नाहीतर पारध्याचं पोरगं. इंग्रजांनी १८७१ साली कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ठाण्यातल्या आणि गावातल्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. केबल मात्र ज्याच्याकडं पिकअप आहे, कटर आहे, आणि तांबं ओळखीनं घेणारा भंगारवाला आहे, तो नेतो. पायी हिंडणारा माणूस आठ विहिरींच्या केबली डोक्यावर नेईल का, एवढा तरी विचार करा.

भंगारवाल्याकडं येणाऱ्या तांब्याची वही का नसावी? कोण आलं, किती किलो, गाडीचा नंबर काय. जळकी तार आली तर विचारायला काय हरकत आहे? रात्री काठ्या घेऊन चाळीस पोरं फिरण्यापेक्षा दिवसा दोन पोलिसांनी चार भंगाराची दुकानं पाहिली, तर जास्त केबली सापडतील असं माझं स्पष्ट मत आहे. पण दुकानांचे मालक गणपतीला वर्गणी देतात, आणि पाटीवर कुणाचे फोटो असतात ते आपण सगळे बघतोच.

आणि पत्त्याचं. प्रत्येक वस्तीला दारावर पाटी लागेल तेव्हा लागेल. पण प्रत्येक वस्तीला एक डीपी असते, डीपीला नंबर असतो, तो वायरमनला पाठ असतो आणि महावितरणकडं त्याची यादी असते. ती यादी आणि त्या-त्या डीपीवरची घरं, एवढा कागद जर बीटच्या अंमलदाराकडं, पोलीस पाटलाकडं आणि ११२ च्या गाडीत असेल, तर "चिंचेपाशी वळा" म्हणायची वेळ येणार नाही. माणूस म्हणेल, "डीपी नंबर अमुक," आणि गाडी येईल. याला निधी लागत नाही. दोन दिवस फिरून यादी करणारी चार पोरं लागतात. जागतातच रात्रभर, त्यांनाच सांगू.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी अर्ज देऊन घेतलाय: डीपीवार वस्त्यांची यादी, केबलचोरीची एकत्र फिर्याद आणि आमच्या फीडरला दिवसा लाईट मिळावी म्हणून ठराव. ग्रामसभा दुपारी आहे, बाया कामावर असतात, म्हणून वेळ बदलून संध्याकाळी पाचची मागितलीय. सरपंच हो म्हणालेत, ग्रामसेवक बघू म्हणालेत. ठरावाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी मेसेज करा, गावाचं नाव बदलून वापरा.

यादीत एक रकाना वाढवलाय, फडाकडेच्या कोप्यांचा. मुकादमाचं नाव, त्याचा नंबर, कोप्या किती, लेकरं किती, जवळची डीपी कुठली. टोळी हलली की तेवढी ओळ बदलायची.